परीक्षक क्रमांक दोन

"हा पेपर कुणाकडे तपासायला पाठवू नये, असं विचारलंय, सर," पीएचडी करणारी केतकी स्क्रीनकडे बघत म्हणाली.

"बिवलकरकडे," सर लगेच म्हणाले.

खेकड्याच्या नव्या जातीवरचा पेपर जर्नलच्या वेबसाइटवर चढवायचं काम चालू होतं. केतकीने नाव टाकलं. बिवलकर आणि सर एके काळी मिळून ओढे पालथे घालायचे. आठ वर्षांपूर्वी भांडण झालं, तेव्हापासून बोलणं बंद.

"पण खेकड्यांतलं तुमच्याइतकं कळतं ते त्यांनाच ना?"

"म्हणूनच नको म्हटलं." सर टेबलावरच्या बरणीतल्या खेकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खोड ते. सुचवलेल्या परीक्षकांत टाक."

दोन महिन्यांनी उत्तर आलं. निनावी परीक्षक क्रमांक दोनने पेपर सोलून काढला होता. मापं अपुरी, मादीचं वर्णन तोकडं, नांगीचं चित्र चुकीच्या बाजूने. शेवटचा मुद्दा होता, 'फोटोत लेखक ओढ्यात अनवाणी उभे दिसतात. गुडघ्याचं ऑपरेशन गेल्याच वर्षी झालंय, हे त्यांनी ध्यानात घ्यावं.'

सरांनी तो मुद्दा पुन्हा वाचला.

"सगळ्या दुरुस्त्या मान्य," ते म्हणाले. "शेवटची सोडून."