गिरकीनंतरचा पाय

साठी उलटलेली शालन घरात एकटीच नाचत होती. ऐन गिरकीत ब्रॅकेट तुटलं आणि खिडकीचा चुण्यांचा पडदा धाडकन खाली आला. समोरच्या खिडकीत केरकर नवरा-बायको चहाचे कप घेऊन उभे. शालन मटकन खाली बसली आणि रांगतच स्वयंपाकघरात पळाली.

दुसऱ्या दिवशी ती नवं ब्रॅकेट घ्यायला हार्डवेअरच्या दुकानात गेली, तर शेजारी केरकरच.

"आजच लावते हो पडदा, भाऊ," ती पुटपुटली.

"लावा की. पण आधी एकदा सावकाश करून दाखवा, वहिनी. गिरकीनंतर उजवा पाय पुढे की डावा, यावरून आमच्याकडे कालपासून भांडण चाललंय."

शालनला हसू आवरेना. तिनं ब्रॅकेट पिशवीत टाकलं आणि तिथंच पदर खोचला.