तळालाच विचारू

पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून समुद्राचा तळ वाचणाऱ्या सोनार यंत्राने किनाऱ्याजवळचा उथळ पट्टा नकाशावर पिवळा दाखवला, म्हणजे नुसती वाळू. सर्वेक्षिकेने सही केली की तो उद्या उपसला जाणार होता. सकाळी बोटीवरच्या मोरीतून तिचा साबण गायब झाल्यापासून ती धुसफुसतच होती. तिने पेन उघडलं, तसे बोटवाले काका म्हणाले, “थांब गं, आधी तळालाच विचारू.” त्यांनी शिशाच्या गोळ्याला काहीतरी चिकट फासून तो दोरीने तळाशी सोडला. “यंत्र खोटं बोलतंय का, काका?” “खोटं नाही, पण आडवं झोपलेलं गवत त्याला वाळूसारखंच ऐकू येतं.” गोळा वर आला तो हिरवी पाती घेऊनच. याच गवतात माशांची पिल्लं वाढतात! पट्टा हिरवा करून तिने काकांचे हात धरले. “कसे आभार मानू?” काका ओशाळले. “आभार कसले? साबण तुझाच.”