फक्त तिच्यासाठी केलेलं गाणं

चाहत्यांनी चालवलेल्या त्या बँडच्या ऑनलाइन कोशात गायकाच्या तुटलेल्या गिटारचाही इतिहास होता. त्याच्या बायकोच्या नावापुढे मात्र एवढंच लिहिलं होतं, ‘माहिती उपलब्ध नाही.’ तो गेल्यावर ती ओळ तिला फार खुपायला लागली. शेवटी मनाचा हिय्या करून तिने जपून ठेवलेली कॅसेट बाहेर काढली आणि कोश सांभाळणाऱ्या काकांचं घर गाठलं.

“लग्नाआधी त्यांनी हे गाणं माझ्यासाठी केलं होतं,” ती म्हणाली. “सुरुवातीला म्हणतातसुद्धा, ‘हे फक्त तुझ्यासाठी.’ कुणाला ऐकवू नकोस म्हणाले, म्हणून सख्ख्या बहिणीलाही ऐकवलं नाही. खराब होईल या भीतीने मीही फारसं लावलं नाही. आता माझ्या नावापुढे एवढं तरी लिहा, काका.”

काकांनी कॅसेट लावली, हेडफोन चढवले आणि डोळे मिटले. हळूहळू त्यांचा चेहरा लहान मुलासारखा खुलला. गायकाच्या जोडीने तेही शब्द पुटपुटू लागले. गाणं संपल्यावर त्यांनी तिला चक्क हात जोडले.

“वहिनी, तुमचे उपकार कसे फेडू? किती वर्षं अशी प्रत शोधतोय! बाकीच्या तिघींनी आपापल्या कॅसेटी रोज वाजवून पार झिजवून टाकल्यात हो. तुमचीच तेवढी कोरी करकरीत राहिली.”