समुद्र आणि कुरडया

पारनेरच्या मालनबाईंनी शहात्तर वर्षांत समुद्र पाहिला नव्हता. दर उन्हाळ्यात मुलगा अमृत बायको-पोरांना घेऊन कोकणात निघाला, की "औंदा मी बी येते" म्हणून त्या पिशवी भरायच्या, आणि दर उन्हाळ्यात गच्चीवरच्या कुरडया आडव्या यायच्या.

"आई, सगळेच गेलो तर माकडं एक तरी कुरडई ठेवतील का?" अमृत म्हणाला. "पुढच्या वर्षी तुला नक्की नेतो."

"आठ वर्सं झाली, तुजं पुढचं वरीस काय उजाडंना," मालनबाई म्हणाल्या. "जावा तुमी. माज्या कुरडयांची काळजी मला हाय."

किनाऱ्यावर पोचताच अमृतनं फॅमिली ग्रुपवर फोटोंचा नुसता सडा घातला. वाळूत पोरं, लाटेत बायको, ताटात सुरमई. मालनबाईंचा मात्र रोज एकच फोटो यायचा: धोतरावर पसरलेल्या पांढऱ्याशुभ्र कुरडया. तो पाहून अमृत निर्धास्त व्हायचा.

तिसऱ्या दिवशी तो पाण्यातून बाहेर आला, टॉवेलला हात पुसले आणि आईचा नवा फोटो उघडला. धोतर तेच, कुरडयाही त्याच. खाली आईनं लिहिलं होतं, "हितं बी ऊन झ्याक हाय."



कुरडयांच्या मागं समुद्र पसरला होता, आणि हाफ चड्डीतला अमृत ओलाचिंब होऊन त्यातून बाहेर येत होता.