कपाटातले राजीनामे

माणूस कामावर घेतानाच त्याच्याकडून बिनतारखेचा राजीनामा सही करून घ्यायचा, ही मालकांची जुनी शक्कल. ते कागद ठेवलेल्या कपाटाची किल्ली एचआरच्या बाईंकडे असे.

शिलाईवरच्या मावशी एका पोरीच्या बाळंतपणाच्या रजेसाठी मालकांशी भांडल्या, तसं मालकांनी बाईंना बोलावलं.

"फार तोंड सुटलंय तिला. तिचा राजीनामा काढा आणि आजची तारीख घाला."

बाई गेल्या त्या तासाभराने गठ्ठा घेऊनच आल्या.

"अहो, मी एकच मागितला होता!"

"कपाटातले सगळे कागद घेऊन खाली शिलाईवर गेले होते, साहेब. ज्याने त्याने आपल्या हाताने आजची तारीख घातलीय. मावशींचा सगळ्यात खाली आहे. वरून एकेक मंजूर करत या. पहिला माझाच आहे."