टापूवरची ओटी

नाव टापूला लागायच्या आतच शरयूबाईंनी सुनेला बजावलं, "साडी मी सोडते, तू फक्त हात लाव. आणि तोंड पाडून बसू नको, नर्मदामैया पाहून राहिली."

सुमेधा महिन्याभरापूर्वी लग्न होऊन राइट टाउनच्या या घरात आली होती. नदीत साडी सोडायची नाही, म्हणून तिनं घरात आठवडाभर वाद घातला होता आणि ती हरली होती. शरयूबाईंशी वाद घालून जिंकलेला माणूस त्या घरात अजून जन्माला यायचा होता. प्रत्येक नव्या सुनेनं ग्वारीघाटाहून नावेनं टापूवर यायचं, उंबराच्या मुळाशी नर्मदेची ओटी भरायची आणि साडी प्रवाहात सोडायची, हा त्यांचा कुळाचार.

टापूवर पाय ठेवायला जागा शोधावी लागली. घाटावरून वाहत आलेले थर्माकोलचे द्रोण, उदबत्तीची पाकिटं, बाटल्या. वाळू दिसतच नव्हती. उंबराच्या मुळांना साड्या आणि चुनऱ्या पीळ घालून बसल्या होत्या. पाण्याकडची मुळं काळी पडली होती.

"चलो, आधी जागा करू," म्हणत शरयूबाईंनी स्वतःच एक जांभळी साडी ओढायला घेतली. हातभर सुटली आणि त्या थांबल्या. काठ उलटून पाहिला.

"काय झालं, आई?"

"ही आपलीच आहे." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मोठ्या सुनेच्या वेळी मीच घेतली होती. रंग जाणार नाही, असं दुकानदार म्हणाला होता."

सहा वर्षांत रंग खरंच गेला नव्हता. साडीच्या गुंत्यात एक लहानसं कासव अडकून मेलं होतं. पाठीची ढाल तेवढी उरली होती.

आता दुकानदाराचा उद्धार होणार, असं सुमेधाला वाटलं. पण शरयूबाईंनी ती ढाल वाळूत पुरली, हात धुतले, नदीला हळदकुंकू वाहिलं, मूठभर तांदूळ सोडले. नवी साडी मात्र सुमेधाच्या हातात दिली.

"ही तू नेस. मैयाच्या नावानं."

घराण्याचा कुळाचार त्यांनी उभ्या उभ्या बदलला, कोणाला विचारलंही नाही. हरलेली सुमेधा जिंकली होती. पण तिला आनंद झाला तो त्याचा नव्हे. अशी सासू आपल्याला मिळाली, याचा झाला.

शरयूबाई तोवर खाली बसल्या होत्या. पदर पसरून त्यात द्रोण, पाकिटं, ती जांभळी साडी भरत होत्या.

"आई, पदर खराब होईल. उद्या पोतं घेऊन येऊ ना."

"उद्या पोतीच आणू. आज मैयानं माझी ओटी भरली. नाही काहून म्हणू?"

नावाडी टिकाराम हसला. "अम्मा, यहीं छोड़ दो. बहाव में चला जाएगा."

"कहाँ जाएगा, भैया?" शरयूबाईंनी विचारलं. टिकारामनं वल्हं उचललं.

मध्यधारेत नाव डगमगली. सुमेधानं घाबरून कड धरली. शरयूबाईंनी धरली नाही. भरली ओटी सांडू नये म्हणून ग्वारीघाट येईपर्यंत त्यांचे दोन्ही हात पदरालाच होते.