पाहिलेलं तेवढं

रिसॉर्टचे मालक माधवराव थोटे यांच्या जंगलाच्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि हॉलभर कौतुक चाललं होतं.

“लहान मुलासारखा हात आहे,” परीक्षक सांगत होते. “वाघ बघा, चारही पाय चार दिशांना पसरून झोपलाय. पंजापंजावर काळं फूल.”

“आपल्याला मनचं काही जमत नाही बुवा,” माधवराव हसले. “पाहिलेलं तेवढं काढतो.”

वनखात्यातर्फे आलेली वनरक्षक काळिंदा नैताम चित्राजवळ सरकली आणि वाघाचे पंजे निरखू लागली. असं कातडं तिने चोरट्या शिकाऱ्यांवरच्या धाडीत पाहिलं होतं. पोट फाडून सोललेलं, वाळायला फळीवर ताणलेलं. ती फुलं नव्हती, पंजांत ठोकलेले खिळे होते.

“आणि हा खाकीतला भाविक,” परीक्षकांनी कोपऱ्यात बोट दाखवलं, “कपाळाला काळा टिळा लावून झाडाखाली पहुडलाय.”

त्याच्या डाव्या बुटाला लेसऐवजी लाल नाडी होती. दोन वर्षांपूर्वी तिचा वनरक्षक नवरा गस्तीला निघाला तेव्हा लेस तुटली, म्हणून तिनेच आपल्या परकराची नाडी ओवून दिली होती. तो परतला नाही. वाघाने नेला, असं सगळे म्हणाले. त्याने जन्मात कधी टिळा लावला नव्हता.

माधवराव बक्षीस घ्यायला पुढे झाले. काळिंदाने त्यांचं मनगट धरलं आणि हाड कडकन वाजेपर्यंत पिरगाळलं.

“साहेब,” तिने विचारलं, “ही नाडी पाहिलेली की मनची?”